ग्रह कसे घडले, याचा अभ्यास घरबसल्या कसा सुरू करावा

पृथ्वीला आजचा आकार येण्यास काही कोटी वर्षे लागली, आणि गुरू ज्या वायूच्या तबकडीतून जन्मला ती तबकडी त्याआधीच, काही दशलक्ष वर्षांत, विरून गेली होती. त्यामुळे एखादा ग्रह पहिल्या धूलिकणापासून शेवटच्या टकरीपर्यंत घडताना पाहणे कोणालाही शक्य नाही. या विषयाच्या अभ्यासकाजवळ तीन प्रकारचे साक्षीदार असतात: तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या, पृथ्वीवर येऊन पडलेले अशनी, आणि इतर ताऱ्यांभोवती फिरणारे, वाढ पूर्ण झालेले ग्रह. प्रत्येक साक्षीदार वेगळ्या काळाविषयी बोलतो आणि प्रत्येकाची सांगण्याची तऱ्हा वेगळी असते. अभ्यास करायचा म्हणजे या साक्षी एकमेकींशी ताडून पाहायच्या.

हे मार्गदर्शन भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचलेल्या, किंवा तेवढे गणित एके काळी केलेल्या आणि अजून न विसरलेल्या वाचकासाठी आहे. केप्लरचे नियम, साधे कलन आणि पायथॉनची तोंडओळख एवढी शिदोरी पुरते. माझा पहिला सल्ला असा की, सिद्धान्ताचा जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. तबकडीतील वायुगतिकीच्या तिसऱ्या प्रकरणात बहुतेकांची उमेद संपते. त्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन दोन आकडेमोडी कराव्यात आणि नंतरच वाचनाकडे वळावे.

पहिल्या दोन आकडेमोडी

पहिली आकडेमोड कच्च्या मालाची आहे. पृथ्वीचे वस्तुमान ६ × १०^२७ ग्रॅम आहे. ती जेथून घडली तो पट्टा सूर्यापासून ०.८५ ते १.२५ खगोलीय एककांपर्यंतचा होता असे धरावे (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर). या सीमा एकीकडे शुक्र आणि पृथ्वी, तर दुसरीकडे पृथ्वी आणि मंगळ यांच्या कक्षांच्या साधारण मध्यावर येतात. या कड्याचे क्षेत्रफळ काढून पृथ्वीचे वस्तुमान त्यावर सारखे पसरले, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० ग्रॅम दगड वाट्याला येतो. दगडाची घनता लक्षात घेतली तर हा थर तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीचा होतो, म्हणजे सगळी पृथ्वी कुटून आपल्या कक्षेच्या पट्ट्यात पसरली तर जेमतेम चार-पाच भाकऱ्या एकावर एक ठेवल्याइतकी जाडी भरते. आता सूर्याच्या घटनेप्रमाणे त्यात हायड्रोजन आणि हेलियम मिळवावेत. दगडाच्या साधारण अडीचशे पट वायू धरला, की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच हजार ग्रॅम असे उत्तर येते. जपानी शास्त्रज्ञ चुशिरो हायाशी यांनी १९८१ साली दिलेला आकडा १,७०० ग्रॅमचा होता. सूर्याभोवतीच्या मूळ तबकडीच्या ज्या प्रतिमानाचा उल्लेख प्रत्येक शोधनिबंधात येतो, ते अर्ध्या पानावर स्वतःच्या हाताने उभे राहते. त्यातले गृहीतक कोठे लपले आहे हेही त्याच वेळी दिसते: ग्रह आज जेथे आहेत तेथेच ते घडले, असे आपण न सांगता मान्य केले आहे. या गृहीतकाकडे पुन्हा यावे लागेल.

दुसरी आकडेमोड अडचणीची आहे. तबकडीतील वायूला आतून बाहेर ढकलणारा दाब असतो, म्हणून तो सूर्याभोवती दगडापेक्षा किंचित हळू फिरतो. पृथ्वीच्या अंतरावर कक्षेतील वेग सेकंदाला ३० किलोमीटर असताना हा फरक अवघा ५० मीटरच्या आसपास असतो. दगडाला मात्र असा आधार नसतो, त्यामुळे तो सतत समोरच्या वाऱ्याला तोंड देत धावतो, त्याची ऊर्जा झिजते आणि तो सूर्याकडे सरकू लागतो. साधारण एक मीटर आकाराच्या धोंड्यावर हा परिणाम सर्वांत जास्त होतो. त्याचा आत सरकण्याचा वेग जवळपास या फरकाइतकाच, म्हणजे सेकंदाला ५० मीटर होऊ शकतो. एक खगोलीय एकक म्हणजे १.५ × १०^११ मीटर. भागाकार केला की ३ × १०^९ सेकंद, म्हणजेच शंभर वर्षांहून थोडा कमी काळ येतो. ज्या धोंड्यापासून ग्रह घडायचा, तो धोंडा एका माणसाच्या आयुष्यात सूर्यात जाऊन पडतो!

१९७७ साली स्टुअर्ट वाइडनशिलिंग यांनी ही अडचण नीट मांडली, तेव्हापासून ग्रहनिर्मितीच्या सिद्धान्ताचा मोठा भाग या एका भागाकाराला उत्तर देण्यात गेला आहे. २००५ साली अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी दाखवलेली धारा-अस्थिरता हे आज सर्वांत जास्त मान्य होत असलेले उत्तर आहे. वाऱ्याविरुद्ध सायकल चालवणाऱ्यांचा जथा जसा एकमेकांच्या आडोशाने पुढे जातो, तसे खडे एकत्र आले की त्यांच्यामुळे आसपासचा वायूही ओढला जातो, समोरचा वारा मंदावतो, मागून येणारे खडे त्यांना येऊन मिळतात, आणि दाटी पुरेशी झाली की तो थवा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळून दहा ते शंभर किलोमीटरचा पिंड बनतो. मधल्या धोकादायक आकारात रेंगाळायची वेळच येत नाही. हा युक्तिवाद वाचण्यापूर्वी वरचा भागाकार केला असेल, तर त्याची गरज समजावून सांगावी लागत नाही.

एक प्रकाशवक्र स्वतः सोडवावा

यानंतर खऱ्या नोंदींकडे वळावे, आणि तेथे घाई करू नये. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना ज्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला, तो ५१ पेगासी पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला आहे, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी दुर्बिणीतून सहज दिसतो. त्याच्याच, म्हणजे पेगासस (महाश्व) तारकासमूहातील एचडी २०९४५८ हा तारा आपल्या सरावासाठी अधिक सोयीचा आहे, कारण १९९९ साली बाह्यग्रहाचे (दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचे) अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, सर्वप्रथम याच ताऱ्यावर नोंदले गेले. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने कमी होतो, दर साडेतीन दिवसांनी, तीन तासांसाठी.

नासाच्या टेस यानाच्या नोंदी सर्वांसाठी विनामूल्य खुल्या आहेत आणि पायथॉनमधील लाइटकर्व्ह नावाच्या संग्रहाने त्या चार-सहा ओळींच्या सूचनांत उतरवता येतात. वेळेनुसार ताऱ्याच्या तेजाचा आलेख, म्हणजेच प्रकाशवक्र, काढला की प्रथम ताऱ्याचे आणि यंत्राचे संथ चढउतार दिसतात. ते सपाट करावे लागतात, आणि बहुतेक नवशिके येथेच पहिली चूक करतात. सपाट करण्यासाठी घेतलेली कालखिडकी अधिक्रमणाच्या तीन तासांपेक्षा पुरेशी मोठी हवी. ती लहान ठेवली, तर तुम्ही शोधत असलेला खड्डाच तुम्ही बुजवून टाकता, आणि आलेख इतका सुरेख सपाट येतो की काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. त्यानंतर ३.५२ दिवसांच्या आवर्तकालाने सगळी नोंद घडी घालून एकावर एक ठेवावी. विखुरलेले बिंदू एका स्वच्छ, गोलसर तळाच्या खड्ड्यात येऊन बसतात.

खड्ड्याची खोली म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. ०.०१५ चे वर्गमूळ ०.१२ येते, ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.२ पट आहे आणि सूर्य गुरूच्या ९.७ पट, म्हणून ग्रह गुरूच्या सुमारे १.४ पट ठरतो. प्रसिद्ध झालेली किंमत १.३६ ते १.३८ च्या दरम्यान आहे. उरलेला फरक मुख्यतः ताऱ्याची तबकडी मध्यभागी अधिक आणि कडेला कमी तेजस्वी असल्यामुळे पडतो. खड्ड्याचा तळ गोलसर दिसतो तोही त्यामुळेच. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने ग्रहाचे अंतर ०.०४७ खगोलीय एकक येते. ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डुलण्यावरून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या ०.७ पट ठरले आहे, म्हणजे त्याची घनता पाण्याच्या साधारण एक तृतीयांश भरते.

ग्रहनिर्मितीचा प्रश्न येथे सुरू होतो. ताऱ्याच्या इतक्या जवळ गुरूएवढा ग्रह घडण्याइतका कच्चा माल मिळणे फार अवघड आहे. पहिल्या आकडेमोडीची रीत या अंतराला लावून पाहिली की दगडाची टंचाई आकड्यांत दिसते. म्हणून तो ग्रह दूर कोठेतरी घडून आत आला असावा, एकतर तबकडीतील वायूशी देवाणघेवाण करत हळूहळू, किंवा दुसऱ्या ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने लांबट कक्षेत फेकला जाऊन नंतर भरती-ओहोटीच्या घर्षणाने गोलाकार कक्षेत स्थिरावत. ‘ग्रह आज जेथे आहेत तेथेच घडले’ हे गृहीतक या एका ग्रहापाशी मोडून पडते.

एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. मी स्वतः पहिल्यांदा अनोळखी ताऱ्यांच्या नोंदी चाळू लागलो, तेव्हा एका ताऱ्यात मिळालेल्या नियमित खड्ड्यांवर जवळपास दोन आठवडे खर्च केले, आणि शेवटी विषम क्रमांकाचे खड्डे सम क्रमांकाच्या खड्ड्यांपेक्षा किंचित खोल असल्याचे लक्षात आले. ते दोन तारे एकमेकांना झाकत होते, आणि तेही मी पाहत असलेल्या ठिकाणी नव्हे, तर शेजारी. टेसच्या एका चित्रबिंदूत आकाशाचे २१ विकलांचे घर मावते, त्यामुळे शेजाऱ्याचा प्रकाश सहज मिसळतो. तेव्हापासून सम आणि विषम खड्डे वेगवेगळे काढून पाहणे हे माझे पहिले काम असते.

जे दिसते आणि जे सहज दिसते

वरच्या आकड्यांवरून आणखी एक हिशेब जरूर करावा. कक्षा कशीही कललेली असू शकते असे मानले, तर अधिक्रमण दिसण्याची शक्यता ही ताऱ्याची त्रिज्या आणि कक्षेची त्रिज्या यांच्या गुणोत्तराइतकी असते. एचडी २०९४५८ च्या ग्रहासाठी ती सुमारे १२ टक्के येते. दुरून सूर्याकडे पाहणाऱ्याला पृथ्वीसाठी ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी येते. शिवाय पहिला ग्रह महिन्यात आठ वेळा दिसतो आणि पृथ्वी वर्षातून एकदा. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत तप्त गुरू, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारे गुरूएवढे ग्रह, धडाधड सापडत गेले, जरी सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे ते जेमतेम एखाद्याजवळ असतात. कोणत्याही यादीवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी, ही यादी ज्या जाळ्याने पकडली त्याची भोके किती मोठी होती, हे विचारावे. ज्याने हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली नाही, त्याने या क्षेत्रातील सांख्यिकीपासून दूर राहिलेले बरे.

अशनी: हातात घेता येणारा पुरावा

खगोलशास्त्राच्या वाटेने येणारे विद्यार्थी अशनींकडे दुर्लक्ष करतात, आणि ते त्यांचे मोठे नुकसान आहे, कारण दशलक्ष वर्षांच्या अचूकतेने काळ सांगणारे घड्याळ फक्त येथेच मिळते. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडलेल्या अ‍ॅयेंदे अशनीत कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमने समृद्ध असे पांढुरके ठिपके आहेत. अशा ठिपक्यांचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून ४५६.७ कोटी वर्षे निघते, आणि सूर्यमालेची कालगणना तेथून सुरू केली जाते.

त्यानंतरच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांसाठी अ‍ॅल्युमिनियम-२६ हे घड्याळ वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७ लाख १७ हजार वर्षे आहे आणि ते क्षय पावून मॅग्नेशियम-२६ बनते. मूळ अ‍ॅल्युमिनियम-२६ कधीच संपले असले, तरी ज्या खनिजात अ‍ॅल्युमिनियम जास्त, त्यात मॅग्नेशियम-२६ ही जास्त, असा मेळ बसला तर खनिज घट्ट होताना ते जिवंत होते हे सिद्ध होते. आडव्या अक्षावर अ‍ॅल्युमिनियम-२७ आणि मॅग्नेशियम-२४ यांचे गुणोत्तर, उभ्या अक्षावर मॅग्नेशियम-२६ आणि मॅग्नेशियम-२४ यांचे गुणोत्तर घेऊन बिंदू मांडावेत. जी सरळ रेषा येते तिचा उतार म्हणजे त्या वेळी असलेले अ‍ॅल्युमिनियम-२६ चे प्रमाण. सर्वांत जुन्या ठिपक्यांत ते एक लाखात ५ असते. एखाद्या कणाचा उतार त्याच्या एक अष्टमांश आला, तर तीन अर्धायुष्ये, म्हणजे साधारण साडेएकवीस लाख वर्षे, उलटल्यावर तो घट्ट झाला.

हेच मूलद्रव्य त्या काळातील लहान पिंडांची भट्टीही होते. जे पिंड पहिल्या दशलक्ष वर्षांत घडले त्यांच्यात इतकी उष्णता कोंडली गेली की ते वितळले आणि त्यांचे लोखंड गाभ्यात उतरले; जे वीस लाख वर्षांनंतर घडले त्यांच्या वाट्याला या इंधनाचा जेमतेम सातवा हिस्सा आला, आणि ते वितळण्याऐवजी नुसते भाजले गेले. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात पडलेला अशनी या दुसऱ्या गटातला आहे. त्याचे वर्गीकरण एल६ असे आहे: ‘एल’ म्हणजे लोह कमी असलेल्या कुळातला, आणि ‘६’ म्हणजे इतका भाजलेला की मुळातील गोल कणांच्या कडा आसपासच्या द्रव्यात विरघळल्यासारख्या पुसट झाल्या आहेत. ३ क्रमांकाच्या अशनीचा काप आणि ६ क्रमांकाचा काप शेजारी ठेवून पाहिले, तर कच्च्या आणि भाजलेल्या विटेतला फरक आठवतो. काटोलच्या तुकड्यात २०२१ साली ब्रिजमनाइट हे खनिजही सापडले. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरखाली तयार होणारे हे खनिज एका लहानशा पिंडात केवळ जबर टकरीच्या दाबानेच तयार होऊ शकते. म्हणजे भाजण्याचा आणि आदळण्याचा असे दोन वेगळे प्रसंग एकाच दगडात नोंदले गेले आहेत.

असे काप पाहण्यासाठी संग्रहालयांची आणि विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांची परवानगी घ्यावी. समाजमाध्यमांवर विकले जाणारे ‘अशनी’ बहुधा लोखंडाची मळी किंवा काळा बेसाल्ट असतात, आणि दख्खनच्या पठारावर काळ्या दगडाला काय तोटा.

तबकड्यांची चित्रे वाचताना

तबकड्यांविषयी थोडक्यात. २०१४ साली चिलीतील आल्मा या दुर्बिणींच्या जाळ्याने एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीची वलये दाखवली तेव्हा सगळ्या क्षेत्राला धक्का बसला, कारण जेमतेम दहा लाख वर्षांच्या ताऱ्याभोवती इतकी रेखीव वलये कोणी अपेक्षिली नव्हती. हा तारा आकाशात रोहिणीपासून अवघ्या दोन अंशांवर आहे, मात्र धुळीत बुडालेला असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. असे चित्र समोर आले की प्रथम कोपऱ्यातील लहान लंबवर्तुळ पाहावे; दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा करू शकते, हे ते दाखवते. त्याहून बारीक दिसणाऱ्या तपशिलावर विश्वास ठेवू नये. दुसरे, त्या चित्रात मिलिमीटर आकाराची धूळ दिसते, वायू नव्हे, आणि तबकडीचे बहुतेक वस्तुमान वायूत असते. तिसरे, दोन वलयांमधील प्रत्येक रिकामी जागा ग्रहाने साफ केलेली असते असे नाही. दाबातील चढउतारांनीही धूळ वलयांत गोळा होते. ग्रह प्रत्यक्ष दिसले आहेत अशी ठळक जागा पीडीएस ७० या ताऱ्याची आहे, जेथे रिकाम्या पट्ट्यात २०१८ आणि २०१९ साली दोन ग्रह आढळले.

मग सादृशीकरण

संगणकावर ग्रह फिरवून पाहण्याचा मोह सर्वांना प्रथमपासून असतो, पण तो येथपर्यंत आवरावा. रीबाउंड नावाची विनामूल्य प्रणाली घ्यावी आणि ट्रॅपिस्ट-१ ही सात ग्रहांची माला मांडावी. सर्वांत आतल्या ग्रहाचा आवर्तकाल दीड दिवसाचा आहे. गणनेची पायरी त्याच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे पावणेदोन-दोन तासांची ठेवली, तर दहा हजार वर्षांसाठी सुमारे पाच कोटी पायऱ्या लागतात. साध्या लॅपटॉपला हे झेपते. कक्षांची लंबवर्तुळाकारता अंदाजाने, थोडी जास्त भरली तर माला विस्कटते आणि ग्रह एकमेकांवर आदळतात. २०१७ साली शोधाच्या वेळी केलेल्या गणनाही बहुधा पाच लाख वर्षांच्या आत अशाच कोसळत होत्या, जरी तो तारा अब्जावधी वर्षांचा आहे. पुढे ग्रह वायूच्या तबकडीत हळूहळू आत सरकत आले असे मानून सुरुवात केली, तेव्हा त्यांचे आवर्तकाल ३:२, ४:३ अशा पूर्णांकी अनुनादांत आपोआप अडकत गेले आणि माला टिकली. प्रारंभीची स्थिती मनाने न भरता घडणीतून येऊ द्यावी, हा धडा सिद्धान्ताच्या पुस्तकापेक्षा या एका फसलेल्या गणनेने अधिक पक्का होतो.

पुढचे पाऊल

आता शोधनिबंध वाचावेत, पण पन्नास नव्हेत. एकच निवडावा आणि त्यातील एक आकृती स्वतः काढून दाखवावी. माझी शिफारस २०१७ साली बी. जे. फुल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या दरीची आहे: ताऱ्याच्या जवळच्या लहान ग्रहांत पृथ्वीच्या दीड ते दोन पट त्रिज्येचे ग्रह फार कमी आढळतात. नासाच्या बाह्यग्रह संग्रहातून संपूर्ण यादी उतरवून त्रिज्यांचा स्तंभालेख काढला, तर ही दरी अस्पष्ट दिसते किंवा दिसतच नाही, कारण त्या यादीत ढोबळ मोजमापेही मिसळलेली असतात. शंभर दिवसांपेक्षा कमी आवर्तकालाचे आणि त्रिज्येतील त्रुटी दहा टक्क्यांच्या आत असलेले ग्रह ठेवले, की ती उघडू लागते. ही दरी पडली ती ताऱ्याच्या प्रखर किरणांनी ग्रहांचे वातावरण उडून गेल्यामुळे, की ग्रहाच्या स्वतःच्या गाभ्याच्या उष्णतेने ते निसटल्यामुळे, हा वाद अजून चालू आहे, आणि दोन्ही बाजूंचे निबंध आता तुम्हाला वाचता येतील.

ज्यांना हे पूर्णवेळ करायचे आहे त्यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमाकडे लक्ष ठेवावे. बाह्यग्रह हुडकण्याचे आणि अशनींचे असे दोन्ही काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत चालते. तिच्या अबू पर्वतावरील पारस या वर्णपटमापकांनी बाह्यग्रहांची वस्तुमाने मोजली आहेत. अर्ज करताना गुणपत्रिकेबरोबर आपण काढलेली दरीची आकृती, तिच्यासाठी लावलेल्या चाळण्या आणि प्रत्येक चाळणीने किती ग्रह गळले याचा एक पानी तक्ता जोडावा.